कागदावर कापलेली म्हाळसाआत्या

म्हाळसाआत्याला "मेंढरं किती?" असं विचारणारा माणूस वाडीतून चहा न पिता परत जायचा. मोजलं की नजर लागते आणि कळप घटतो, असं तिचं म्हणणं. जनावरांची मोजणी करायला आलेल्या एका माणसाला तिनं मेंढरं कोंडायच्या जाळीबाहेर उभं करून सांगितलं, "हायत तेवढी हायत. तुला कमी दिसत्यात का?" त्या बिचाऱ्यानं अंदाजानं आकडा टाकला आणि निघून गेला. त्याच दिवशी सांजेला मेंढरं जाळीत शिरत होती तेव्हा आत्या दाराशी उभी राहून नुसती बघत होती. शेवटचं आत गेल्यावर म्हणाली, कपाळावर पांढरा टिळा असलेली लंगडी मागं राहिली. लंगडी ओढ्यात सापडली. इतकं पक्कं ध्यान मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही, आणि मी नर्स आहे, माझं निम्मं आयुष्य रजिस्टरात आकडे भरण्यात गेलंय.

आष्टी तालुक्यातल्या त्या वाडीवर मी उपकेंद्राची नर्स म्हणून नऊ वर्षं काढली. वाडी धनगरांची. दिवाळी झाली की बापयमंडळी मोठे कळप घेऊन गोदेकाठाला उतरायची, ती थेट पावसाच्या तोंडाला परतायची. मधले महिने वाडीत म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आणि मागं ठेवलेली थोडकी मेंढरं. अशा वेळी वाडीचा कारभारी कोण, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पण भांडण असो की बाळंतपण, निरोप आत्याकडेच जायचा.

उंच, हाडापेराची बाई. खांद्यावर घोंगडी उन्हाळ्यातसुद्धा. समोरच्याकडं बघायची ती पायापासून वर, बाजारात जनावर बघावं तशी. एकदा आरोग्य खात्याचे मोठे साहेब उपकेंद्र तपासायला आले, तर उंबऱ्यावर बसलेल्या आत्यानं त्यांचे बूट, मग पोट, मग तोंड असं सावकाश पाहून घेतलं आणि मला म्हणाली, "बरा हाय. खाऊन-पिऊन हाय. ह्याला औषधं मागून घे." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब हसले, आणि त्या महिन्यात औषधं खरंच वेळेवर आली.

मला ती पहिलं वर्षभर 'शिस्टर' म्हणायची. मग 'पोरी' म्हणायला लागली. वाडीत पोरी म्हणवून घेणं म्हणजे नेमणूक पक्की होणं, हे मला नंतर कळलं.

तिची एक खोड होती: आधी मी. नवी विहीर, नवी गोळी, नवा रस्ता, काहीही असो, आधी ती करून बघणार आणि मग बाकीच्या. करोनाच्या लशीला सगळी वाडी बिचकली होती. मी घसा कोरडा करून दमले. आत्या आली, दंड पुढं केला, टोचून घेतलं आणि वडाखाली घोंगडी अंथरून झोपली. जाताना सांगून गेली की परवापर्यंत उठले तर घ्या, न्हाई उठले तर शिस्टरला धरा. दोन दिवस बाया लांबून डोकावून जायच्या. मलाही झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी ती उठून भाकरी थापायला बसली आणि दुपारपर्यंत माझ्या लशी संपल्या.

आणखी एक सांगते, म्हणजे बाई काय होती ते कळेल. आष्टीच्या बाजारात एका बागायतदाराच्या गड्यानं तिच्या एका मेंढीवर हक्क सांगितला. त्याच्याकडं बाजाराची पावती होती, शिक्क्यासकट, आणि हो म्हणणारे चार जण होते. मेंढीचा डावा कान उलटा करून आतल्या बाजूची खाच आत्यानं सगळ्यांना दाखवली. कोकरू असताना धनगर कानाला खाच पाडतात. प्रत्येक घराची खाच वेगळी, आणि ती जन्मभर राहते. "पावती तुझी," ती म्हणाली, "मेंढी माझी." आणि मेंढी घेऊन चालायला लागली.

अशी बाई फसली. तेही 'आधी मी' म्हणूनच फसली.

माघाचे दिवस होते, बापय सगळे बाहेर. वाडीत एक जीप आली. मोफत तपासणी शिबिर, जायचा-यायचा खर्च नाही, जेवण आहे, फक्त रेशन कार्ड आणि आधार घेऊन या. दवाखाना खाजगी होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. भीतीनं नव्हे, तो आता पाटी बदलून दुसऱ्याच नावानं चालतो, त्यातलं कुठलं लिहू? जीपवाल्यांनी मला नावांची यादी करून मागितली. मला काय, बायांचं बीपी, साखर फुकटात तपासून होतंय याचाच आनंद. सुवाच्य अक्षरात सतरा नावं लिहून दिली. पहिलं नाव म्हाळसाआत्याचं.

तिथं काय झालं ते बायांनी मला परतल्यावर हसत-हसत सांगितलं. डोळे बघितले, पोटावरून यंत्र फिरवलं, शाईच्या डबीत काळा करून नव्हे, तर यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवायला लावला, दोनदा, तीनदा. मग प्रत्येकीला हिरवा डगला घालून खाटेवर निजवलं, हाताला सलाईनची नळी चिकटपट्टीनं लावली, सुई नाहीच, आणि फोटो काढला. शिबिराचा फोटो, पेपरात द्यायचा, असं सांगितलं. पोरीबाळींना हसू आवरेना. तेव्हा आत्यानं सगळ्यांना दटावलं. चारचौघांत दात काढून फोटो काढणं तिला चवचालपणाचं वाटायचं. दवाखान्यात निजलोय तर आजाऱ्यासारखं निजा, तोंडं गप करा, असं म्हणून ती स्वतः सगळ्यांत आधी डोळे मिटून, हात पोटावर ठेवून पडली. बाकीच्या सोळा जणी तश्शाच पडल्या. त्या भामट्यांना यापेक्षा चांगले फोटो पैसे देऊनही मिळाले नसते.

येताना प्रत्येकीला एक चादर आणि टॉनिकची बाटली. वाडी खूश. मीही.

पुढं चार महिन्यांनी तिची धाकटी जाऊ जनाबाई दुखण्यानं लोळायला लागली. उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीतून आरपार जायची. खाल्लेलं टिकेना, डोळे पिवळे दिसायला लागले. मी आणि आत्या तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पित्ताशय खड्यांनी भरलंय, एक खडा नळीत अडकलाय, लांबवू नका, ऑपरेशन सरकारी योजनेतून फुकट होईल. आम्ही योजनेच्या टेबलावर गेलो. तिथल्या बाईंनी जनाबाईचा अंगठा घेतला, पडद्याकडं बघितलं आणि पुन्हा बघितलं. म्हणाल्या, यांचं पित्ताशय तर माघातच काढलंय.

मी म्हणाले, अहो, आत्ताच तर पाहिलं, आहे ते. बाई म्हणाल्या, असेल, पण इथं काढलेलं आहे. एका माणसाला पित्ताशय एकच, योजना ते दोनदा कसं काढून देणार? त्यांचाही काही दोष नव्हता, आणि पैसे भरून ऑपरेशन करायची जनाबाईच्या घरची ऐपत नव्हती. मी गयावया करून बाकीच्यांची नावं बघायला लावली. कुणाचं अपेंडिक्स गेलेलं, कुणाचा हर्निया शिवलेला. साठी उलटलेल्या म्हाळसाआत्याचं गर्भाशय काढलेलं, पाच दिवस दाखल, प्रकृती सुधारली, आभारी आहे, खाली अंगठा.

आत्याला मी सगळं समजावून सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण समज वाचणाऱ्यांपेक्षा बरी होती. मग म्हणाली, "सतरा जणींना म्याच न्हेलं. म्याच निजवलं." एवढंच.

दुसऱ्या दिवशीपासून तिनं तालुक्याच्या वाऱ्या सुरू केल्या. तिच्याबरोबर उन्हातान्हाची मी जायची, अर्ज लिहायची. अर्जावर आत्या अंगठा द्यायची आणि द्यायच्या आधी तो मला दोनदा वाचून दाखवायला लावायची. माझ्यावरचा विश्वास उडाला असं नाही. अंगठ्यावरचा उडाला होता.

आणि मग तो आला. दवाखान्याचा व्यवस्थापक, पांढरा शर्ट, गोड बोलणं, आल्याआल्या आत्याच्या पाया पडला. म्हणाला, काही तरी कारकुनी घोटाळा झालाय, मनावर घेऊ नका. जनाबाईंचं ऑपरेशन उद्याच आमच्याकडं करून देतो, एक रुपया नको, फक्त या कागदावर सगळ्यांचे अंगठे द्या की आमची तक्रार नाही. मग हळूच पुढचं बोलला, "आत्या, पैसा सरकारचा. तुमच्या पदराचं काय गेलं?"

आता कबूल करते. मी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं की द्या अंगठे. जनाबाईचे डोळे हळदीसारखे झाले होते. जीव वाचू दे, मग बघू. आणि खरं सांगायचं तर ती यादी माझ्या अक्षरात होती. माझी नोकरी जाईल या भीतीनं माझी पाचावर धारण बसली होती. जनाबाईच्या काळजीआड मी माझी काळजी लपवत होते.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. पायापासून वर. पहिल्यांदाच मला तसं बघितलं तिनं. मग ती व्यवस्थापकापाशी गेली.

"बिरोबाच्या भंडाऱ्याला घरटी पायली धान्य निघतं," ती म्हणाली. "एकानं सतरा जणांच्या नावानं सतरा पत्रावळी उचलल्या, तर शेवटच्या पंगतीचं मानूस उपाशी उठतं. ते मानूस ही बगा माझी जाऊ. आन तू मला इचारतो, माझं काय गेलं?"

तो चुळबुळला. आत्या जनाबाईजवळ जाऊन बसली. म्हणाली, तुझ्या जिवाचं हाय, तुझं तू सांग. तू म्हनशील तर आत्ता अंगठा देते, मागून कुनी तुला बोललं तर त्याची जीभ म्या बगते. जनाबाईला धड बसवतही नव्हतं. भिंतीचा आधार घेऊन ती म्हणाली, "आक्का, न कापता ज्यानं एवढं कापलं, त्याच्या हातात सुरी देऊ व्हय?"

व्यवस्थापक निघाला. जाताना चादरी आणि टॉनिकची आठवण करून द्यायला विसरला नाही. तेव्हा आत्यानं वाडीतनं त्या सतराच्या सतरा चादरी गोळा करून त्याच्या गाडीच्या टपावर टाकल्या. दोन चादरींवर लेकरांनी मुतलेलं होतं. त्या मुद्दाम वर ठेवल्या.

चौकशी लागली ती त्यानंतर आठवड्यानं, तालुक्याच्या एका सभागृहात. जनाबाईला आम्ही तशीच नेली आणि तिथल्या बाकावर निजवली, म्हणजे तारीख पुढं ढकलायला कुणाची जीभ रेटायची नाही. चौकशीचे साहेब वाईट नव्हते, कागदांत वाढलेले होते. त्यांच्यापुढं जाडजूड फाइल होती, आणि ती फाइल परिपूर्ण होती. फोटो, अंगठे, तपासण्या, घरी सोडल्याचे दाखले. साहेबांनी फोटो वर धरला. खाटेवर डोळे मिटून निजलेली म्हाळसाआत्या.

"आजी, फोटो तुमचाच ना? अंगठाही तुमचाच. वय झालं की माणूस विसरतं."

"मानूस इसरंल, साहेब. पोट कसं इसरंल?"

दवाखान्याचे डॉक्टर मध्येच म्हणाले की ऑपरेशनं दुर्बिणीतून केलीत, त्यात व्रण राहत नाही, या अडाणी बायांना काय कळणार. साहेबांच्या शेजारी सरकारी दवाखान्यातल्या एक तरुण डॉक्टरीणबाई बसवलेल्या होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, राहतो. बारीक असतो, पण राहतो.

आत्याला तेवढं पुरलं. ती उठली आणि म्हणाली, बापय मानसांनी भायेर जावं. कुणी हललं नाही. धनगराची बाई, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी, सासऱ्याच्या सावलीलाही आडवी न गेलेली. तिनं खांद्यावरची घोंगडी काढून दोघींच्या हातात आडवी धरायला दिली, निऱ्यांना हात घातला आणि साहेबांकडं बघून शांतपणे म्हणाली, "बसायचं तर बसा. लाज ज्यानं चोरी केली त्याची. माझी न्हाई."

साहेब सगळ्यांत आधी बाहेर पडले. डॉक्टर, व्यवस्थापक, शिपाई, सगळे त्यांच्या मागं. मग घोंगडीच्या आड आधी ती आणि तिच्यामागं एकेक, सतरा जणी गेल्या. डॉक्टरीणबाई प्रत्येकीला तपासून कागदावर लिहीत होत्या. कुणाच्या पोटावर बाळंतपणाच्या रेघा, कुणाला लहानपणी दिलेला डाग. ऑपरेशनची खूण सतरांत एकीलाही नव्हती. बाया आधी लाजत होत्या, मग एकमेकींना ढकलत पुढं जायला लागल्या, शेवटी-शेवटी तर चक्क हसायला लागल्या, आणि या वेळी आत्यानं त्यांना दटावलं नाही.

साहेब परत आत आले. कागद वाचला. मग विचारलं, ही नावांची यादी कुणाच्या अक्षरात आहे?

सभागृहात माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. आत्यासुद्धा. ती निऱ्या सारख्या करत होती. मला ठाऊक होतं की ती माझं नाव घेणार नाही, मरेपर्यंत घेणार नाही, आणि त्याच गोष्टीनं मला उभं केलं. मी म्हणाले, यादी माझी आहे, जीप कुणी पाठवली तेही सांगते, लिहून घ्या. बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, "उशीर केलास. पर बोललीस."

त्या दुपारी जनाबाईची नोंद दुरुस्त झाली. दोन दिवसांनी मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. खडे काढून बाटलीत घालून दिले होते. घरी आल्यावर आत्यानं तिच्या पोटावरचा पदर सारून तीन बारीक टाके वाडीतल्या प्रत्येक बाईला दाखवले, नीट बगून ठेवा, कापलं की असं दिसतं. आजही त्या वाडीत कुणी दवाखान्यातनं आलं की बाया आधी टाके बघतात आणि मग चहा विचारतात.

बाकी सोळा नावांपुढं मात्र 'चौकशी सुरू' असंच राहिलं. घेतलेला पैसा परत आला की नाही, मला कुणी सांगितलं नाही, आणि मी चार वेळा लेखी विचारलंय. माझ्यावर ठपका आला, तो मी घेतला, चुकीचा नव्हता. दवाखाना काही महिने बंद राहिला आणि नव्या पाटीनं उघडला. या गोष्टीचा मला अजून संताप येतो. लोक म्हणतात, सोडा बाई, चालायचंच. का चालायचं? जनाबाई मेली असती, तर तिच्या दाखल्यावर काय लिहिलं असतं, नसलेल्या पित्ताशयानं गेली म्हणून?

पुढं मुदत भरली आणि माझी बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, धर्मापुरीकडं. वाडी सोडली त्या सकाळी आत्या निरोपाला आली नव्हती. मेंढरं सोडायची वेळ होती, आणि रडारड तिला आवडायची नाही. मी खट्टू होऊन एसटीत बसले. दोन वळणं गेल्यावर गाडी थांबली. पुढं एक नवीकोरी जीप अडकली होती, टपावर कर्णा, कर्ण्यातून घोषणा चाललेली. मोफत तपासणी, मोफत जेवण, रेशन कार्ड सोबत आणा. आणि जीपच्या पुढं, या बांधापासून त्या बांधापर्यंत, रस्ताभर मेंढरं. मधोमध आत्या काठीवर हनुवटी टेकून उभी.

जीपवाला हॉर्न वाजवून दमला. मग खिडकीतनं डोकं काढून ओरडला की ए म्हातारे, बाजूला घे, पुढच्या वाडीला चांगल्या कामाला चाललोय. ती जीपपाशी आली. आधी टायर बघितलं, मग दार, मग त्याचं तोंड. तिचा आवाज मला बसमध्ये स्पष्ट ऐकू आला.

"माझी तर पिशवीबी काढून न्हेली तुमी. आता माझ्या नावावर कापायचं काय राहिलंय, ते सांगून म्होरं जा."

कंडक्टर माझ्याकडं वळून वैतागला, तुमच्याच वाडीची ना ही, सांगा की बाई तिला काही तरी, गाडीला उशीर होतोय. मी म्हणाले, होऊ द्या. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं एकदा बघितलं आणि इंजिन बंद केलं. कर्णाही बंद झाला. मागं आमची बस, पुढं मेंढरं; जीपला वळायला फक्त शेजारचं ढेकळांचं रान होतं. बऱ्याच वेळानं ती त्यात उतरली, दोनदा रुतली आणि आली तिकडं तोंड करून निघून गेली. तोवर आत्या जागची हलली नव्हती.